काकांची कोलोनोस्कोपी आणि पार्किन्सनची शंका

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकांची कोलोनोस्कोपी ठरलीच आहे, तर त्यातच आतड्याचा तुकडा घेऊन पार्किन्सनही तपासून घ्यावा का, असं तू विचारलंस. माझं स्पष्ट मत, फक्त त्यासाठी तुकडा घेऊ नका. पार्किन्सनचं प्रथिन आतड्यातही सापडतं, हे तू वाचलंस ते खोटं नाही, पण त्यावरून निदान करण्याइतकी ती तपासणी अजून भरवशाची झालेली नाही.

या आजारात अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन चुकीची घडी घेऊन चेतापेशींत साचतं. 2003 मध्ये हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ही साठवण आधी वासाच्या केंद्रात आणि मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेच्या मुळाशी दिसते, हालचालीच्या केंद्रात नंतर पोचते. सुरुवात आतड्यातूनही होत असावी. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ लागतो, तो याच्याशी जुळतो. डेन्मार्कमध्ये अल्सरसाठी व्हेगसची मुख्य नस कापलेल्या रुग्णांत पुढे पार्किन्सन कमी आढळल्याची नोंद 2015 मध्ये झाली.

मग तुकडा का नको? पहिली अडचण जागेची. हे प्रथिन लाळग्रंथी आणि अन्ननलिकेच्या खालच्या भागात जास्त सापडतं, जठरात त्याहून कमी, आणि मोठ्या आतड्यात व गुदाशयात सगळ्यात कमी. म्हणजे दुर्बीण जिथे जाते, तिथेच ते विरळ. त्यात चिमट्यात येतो दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा, बहुधा वरच्या अस्तराचा. चेतापेशींचा एक थर अस्तराखाली असतो, तो कधी येतो, कधी नाही. दुसरा, मोठा थर स्नायूंच्या दोन पदरांमध्ये. तिथवर चिमटा नेणं म्हणजे आतड्याला भोक पाडण्याचा धोका. त्यामुळे ‘काही सापडलं नाही’ या रिपोर्टला अर्थ उरत नाही.

दुसरी अडचण रंगवण्याची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. अल्फा-सिन्युक्लिन निरोगी आतड्याच्या नसांतही असतंच. ते प्रथिन हेरून रंगवणारी साधी अँटीबॉडी लावली तर धडधाकट माणसाचा तुकडाही रंगतो. म्हणून प्रथिनाच्या साखळीतल्या 129व्या दुव्यावर (सेरीनवर) फॉस्फेट चढलेला, आजारात दिसणारा प्रकार शोधतात, किंवा आधी प्रोटिनेझ-के हे प्रथिन पचवणारं विकर लावून साधं प्रथिन पचवून टाकतात, म्हणजे घट्ट गोळा तेवढा उरतो. हे विकर कमी वेळ ठेवलं तर साधं प्रथिन उरतं, जास्त ठेवलं तर ऊतीच विरघळते. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला, चिमट्यात चेंगरला, तरी चित्र बिघडतं. शेजारी लेवी बॉडी (याच प्रथिनाचे गोळे) असलेल्या मेंदूचा काप आणि अँटीबॉडी न लावलेला काप ठेवल्याशिवाय मी अशा स्लाइडवर विश्वास ठेवणार नाही. एवढं करूनही दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडला वेगळं म्हणतात.

नवी वाट आहे ती बीज-वर्धनाची. नमुन्यातलं बिघडलेलं प्रथिन चांगल्या प्रथिनालाही बिघडवतं, आणि थायोफ्लेव्हिन-टी हा रंग ते चमकून दाखवतो. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यावर ही तपासणी चांगली ठरली आहे. आतड्याच्या तुकड्यावर मात्र अजून एकसारखी नाही. त्वचेचा तुकडा रंगवून बघण्याचं काम पुढे गेलंय: मान, मांडी आणि पायाच्या खालच्या भागातून तीन मिलिमीटरचे गोल तुकडे घेऊन पाहिलं, तेव्हा पार्किन्सनच्या 92.7 टक्के रुग्णांत आणि निरोगींपैकी 3.3 टक्क्यांत फॉस्फेटवालं प्रथिन दिसलं (2024). पण ते रुग्ण निदान झालेले होते. लक्षणं नसलेल्या माणसाला त्यातून काय सांगायचं, हा प्रश्न तसाच राहतो, कारण आजार थोपवणारं औषध अजून नाही.

त्यापेक्षा घरी हे बघ. काकूंना विचार, काका झोपेत ओरडतात का, लाथा झाडतात का. स्वप्नातल्या हालचाली अशा उघड होणं हे बद्धकोष्ठापेक्षा कितीतरी वजनदार लक्षण आहे. झोपेच्या तपासणीने हा विकार पक्का ठरलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना बारा वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. वास गेलाय का तेही पाहा: सुरंगीचा वळेसर, सुक्या बांगड्याचा डबा, कॉफी, डोळे मिटून ओळखू दे. सर्दी असेल त्या दिवशी नको. चालताना एक हात कमी हलतो का, अक्षर बारीक होत चाललंय का, तेही लिहून ठेव.

आणि सगळ्यात आधी औषधं. अॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. ते, मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठीचं सिनारिझिन, ही सगळी डोपामाइन हे हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सनसारखी थरथर आणू शकतात. औषध बदललं की बहुतेकदा आठवड्यांत-महिन्यांत उतरते, पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच. पोटाच्या तक्रारीवर महिनोन्‌महिने अशी कॅप्सूल चालू राहते आणि कोणी पाकीट वाचत नाही, याची मला खरी काळजी वाटते.

कोलोनोस्कोपी तिच्या मूळ कारणासाठी करा, घाबरण्यासारखं नाही. वरच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळल्या तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजीच्या ओपीडीत घेऊन जा. तपासणारा डॉक्टर हात-पाय हलवून जे ओळखेल, ते आजही कुठल्याही तुकड्यापेक्षा खरं. काकांच्या सगळ्या औषधांच्या पाकिटांचे, मागच्या बाजूचे, फोटो मला पाठव. बारीक अक्षरातली नावं वाचता आली पाहिजेत.

तुझा,
प्रकाश