वसंतास पत्र : विमानं, तळ आणि जमिनीवरची माणसं

ओझर (नाशिक)
9 नोव्हेंबर 2025

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीतलं तुझं पत्र पोचलं. वहिनींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पत्राच्या शेवटी मुक्तानं तिच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे : ‘आजोबा, आपल्या हवाई दलातलं सगळ्यात भारी विमान कोणतं?’ आणि वर तू लिहिलंयस, की चंदीगडचा मिग-21 विमानांचा निरोप समारंभ टीव्हीवर पाहिला आणि ‘त्या उडत्या शवपेट्या एकदाच्या गेल्या, बरं झालं’ असं वाटलं. नातीला आणि आजोबाला दोघांनाही सविस्तर सांगावं म्हणून आज निवांत बसलोय.

आधी तुझं घेतो. मिग-21 गेल्या 26 सप्टेंबरला निवृत्त झालं. 1963 साली 28 नंबर स्क्वॉड्रनमध्ये ते पहिल्यांदा दाखल झालं तेही चंदीगडलाच. एकच विमान बासष्ट वर्षं! शेवटी 23 नंबर स्क्वॉड्रनची विमानं उडाली, हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडवत होते. समारंभ संपल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोललो नाही. इंजिन फिटर म्हणून माझी उमेदीची वर्षं त्याच्या पोटाखाली गेली आहेत रे.

तू म्हणतोस तेही खोटं नाही. 2012 साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं, की 1971 पासून सगळ्या प्रकारच्या मिग विमानांचे मिळून 482 अपघात झाले आणि त्यात 171 वैमानिक गेले. आपल्या पुण्याच्या कविता गाडगीळ तुला आठवत असतील. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित 2001 च्या सप्टेंबरमध्ये सुरतगडला मिग-21 च्या अपघातात गेला. त्या माउलीनं किती वर्षं लढा दिला! त्यांच्या प्रश्नांबद्दल मला कायम आदरच वाटत आला आहे.

पण सगळा दोष यंत्राच्या माथी मारला, की बाकीचे सुटतात, ते मला पटत नाही. मिग-21 उतरताना ताशी सुमारे 340 किलोमीटर वेगानं धावपट्टीवर येतं. किरणसारख्या सौम्य ट्रेनरवर शिकलेला पोरगा थेट या विमानात बसायचा. मधल्या पायरीचं जेट ट्रेनर हवं, हे ला फाँटेन समितीनं 1982 मध्येच लिहून दिलं होतं. हॉक विमानांचा करार झाला 2004 मध्ये आणि बिदरला ती दाखल झाली 2008 मध्ये. सव्वीस वर्षं! या सव्वीस वर्षांचा हिशेब कुणी मागत नाही, वसंता. म्हणून ‘शवपेटी’ म्हटलं, की मला राग येतो. विमानाचा अपमान होतो म्हणून येत नाही, खरा प्रश्न झाकला जातो म्हणून येतो.

आणि याच विमानानं काय काय केलं तेही मुक्ताला सांग. 1971 च्या 14 डिसेंबरला गुवाहाटीहून उडालेल्या 28 नंबरच्या मिगांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं सोडली. आत बैठक चालू होती. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. त्याच्या दोनच दिवस आधी कच्छच्या आखातावर 47 नंबरच्या मिगनं पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं होतं.

आता उत्तरलाईची एक सकाळ तुला सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. उत्तरलाई म्हणजे बाडमेरजवळचा तळ. उन्हाळ्यात नऊ वाजल्यानंतर विमानाच्या पत्र्याला उघडा हात लावायची सोय नाही, चटकाच बसतो. म्हणून सगळं काम पहाटे अंधारात. आधी सगळेजण ओळीनं उभे राहून टार्मॅकवरनं चालत जायचं आणि दिसेल तो खडा, तार, खिळा उचलायचा. इंजिनानं एवढासा खडा ओढून घेतला तरी आतल्या पात्यांचा सत्यानाश होतो. मग ज्यानं त्यानं आपल्या खिशातली पेनं, नाणी काढून ठेवायची. मी नाकाच्या तोंडात टॉर्च मारून आत बघायचो, मग मागे जाऊन जेट पाइपात. इंधन, तेल, कुठे पाझर आहे का, सगळं हातानं चाचपायचं, कारण त्या अंधारात डोळ्यांपेक्षा हातच जास्त सांगतात. शेपटाच्या बुडाशी टेल शूट बसवलेलं असतं, विमान उतरल्यावर वेग मारणारी छत्री. तिची घडी जरा जरी चुकली तरी ती ऐन वेळी उघडत नाही. काम संपलं, की पेटीतला एकेक पाना मोजून परत ठेवायचा. एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग वर कितीही बड्या साहेबाचा फोन येवो.

यानंतर फॉर्म 700. प्रत्येक विमानाची ही वही असते. इंजिनवाल्यानं सही करायची, एअरफ्रेमवाल्यानं करायची, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ, शस्त्रवाल्यानंही करायची. सगळ्यात शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. त्याला सीटवर पट्ट्यांनी बांधून झालं, की इजेक्शन सीटच्या लाल फितीवाल्या पिना काढून त्याला दाखवायच्या आणि शिडी काढायची. तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं, आपल्या सहीच्या भरवशावर वर जातं. ते परत खाली येईपर्यंत फिटरचा चहा घशाखाली उतरत नाही. तेव्हाही उतरत नव्हता आणि आजच्या पोरांचाही उतरत नसणार.

मुक्ताला सांग, आमच्या लाइनवर भारी विमान एकच, जे आज सकाळी ‘सर्व्हिसेबल’, म्हणजे उडायला तयार, आहे ते. बाकी सगळी चित्रं.

तुला वाटेल, म्हातारा आपल्याच धंद्याची टिमकी वाजवतोय. म्हणून सुखोईचं सांगतो. सुखोई-30 एमकेआय हे आज आपल्या दलाचा कणा आहे. 2002 साली लोहगावला 20 नंबर स्क्वॉड्रनमध्ये ते आलं. याच लोहगावहून 2006 मध्ये कलामसाहेब आणि 2009 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना सुखोईतून उडाल्या होत्या. प्रतिभाताईंचं वय तेव्हा 74, आपल्या जळगावच्या! एकूण 272 सुखोई घेतली, त्यातली 220 च्या आसपास इथे ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनली. एवढं देखणं विमान, पण 2015 च्या कॅगच्या अहवालात काय होतं? 75 टक्के विमानं कधीही उडायला तयार हवीत, ती जेमतेम 55 ते 60 टक्के मिळत होती. म्हणजे कागदावर शंभर असली तरी पहाटे उभी साठसुद्धा नाहीत. सुटे भाग वेळेवर येत नाहीत, मग एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायचं, आणि ते पहिलं महिनोन्महिने हँगरात उभं. पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी सुट्या भागांच्या याच प्रश्नाला हात घातला, याचं आम्हा मंडळींना फार बरं वाटलं होतं. नव्या खरेदीच्या घोषणेला टाळ्या पडतात, वॉशर आणि सील वेळेवर आले म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही.

इथलं 11 नंबरचं बेस रिपेअर डेपो तू पाहिलेलं नाहीस. हवाई दलाच्या त्या डेपोत मिग-29 आणि सुखोई सगळी उकलली जातात. सुखोईला चौदा वर्षं किंवा 1500 तास झाले, की ओव्हरहॉल. विमानाचा नुसता सांगाडा उरतो, वायरींचे गठ्ठे बाहेर लोंबत असतात आणि प्रत्येक भाग चिठ्ठी लावून वेगवेगळ्या शॉपमध्ये जातो. महिन्यांनी तेच विमान परत जोडून, रंगवून धावपट्टीवर उभं राहतं तेव्हा ज्यांनी ते उकललं होतं ती माणसं जेवणाची सुटी सोडून बघायला येतात. हे सगळे डेपो नागपूरच्या मेंटेनन्स कमांडखाली. देशात हवाई दलाच्या सात कमांड, त्यातली ही आपल्या विदर्भात आहे हे आपल्याकडे किती जणांना माहीत असतं?

ओझरचा कारखाना मात्र तुम्हा कराडकरांची देणगी. मिगचा करार 1962 चा, चीनच्या युद्धाच्या आधीचा. युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर आले, आणि मिगचा सांगाडा बनवायचा कारखाना ओझरला आला. इंजिनं ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. निफाडच्या शेतकऱ्यांची पोरं आयटीआय करून इथे लागली आणि पुढे त्यांनी स्वनातीत विमानं बनवली. मला याचा अभिमान वाटतो, तुलाही वाटायला हवा.

तळांबद्दल लिहायचं राहिलंच होतं. माणसं विमानाचे आकडे पाठ करतात, पण विमान दिवसातले बरेचसे तास जमिनीवर असतं आणि शत्रूला ते तिथेच गाठायचं असतं. 1965 च्या 6 सप्टेंबरला संध्याकाळी पठाणकोटवर पाकिस्तानची सेबर विमानं आली आणि उघड्यावर उभी असलेली आपली विमानं जळाली, त्यात नवी कोरी दोन मिग-21 होती. त्यानंतर प्रत्येक विमानासाठी जाड भिंतींचे ब्लास्ट पेन बांधले गेले. 1971 मध्ये भूजची धावपट्टी बाँबनं फुटली. तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक, आपले नागपूरचे. मजूर मिळेनात, तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बाया आल्या. भोंगा झाला, की झुडपात लपायचं, थांबला की पुन्हा काम. 72 तासांत धावपट्टी उभी केली. आणि या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी हल्ला झालेले तळ म्हणून सरकारनं नावं घेतली ती कोणती? उधमपूर, पठाणकोट, आदमपूर, भूज. साठ वर्षांत विमानं बदलली, ड्रोन आले, पण नावं तीच. म्हणून शेल्टर, धावपट्टी दुरुस्तीचं पथक, रडार, तळाभोवतीची क्षेपणास्त्रं यांवरचा पैसा मला नव्या विमानाइतकाच मोलाचा वाटतो.

आता चिंतेचं. मंजूर स्क्वॉड्रन 42. मिग-21 गेल्यावर उरली 29. राफेल उत्तम, पण ती 36 च, अंबाला आणि हाशिमारा मिळून दोन स्क्वॉड्रन. सगळी भिस्त तेजसवर. 83 तेजस मार्क-1ए ची ऑर्डर 2021 ची, विमानं 2024 पासून यायची होती. अमेरिकेच्या कंपनीकडून इंजिनंच रखडली, पहिलं आलं ते या मार्चमध्ये. सप्टेंबरमध्ये आणखी 97 चा करार झाला. गेल्या महिन्यात, 17 ऑक्टोबरला, ओझरला बनलेलं पहिलं तेजस इथूनच उडालं. संरक्षणमंत्री आले होते. आवाज ऐकून मी गच्चीवर धावलो, शेजारची सगळी आळी वर होती. आनंद झाला, खूप झाला. पण इथल्या लाइनची ताकद वर्षाला आठ विमानांची आहे आणि तूट तेरा स्क्वॉड्रनची. एका स्क्वॉड्रनला सोळा-अठरा विमानं धर. बेरीज तूच कर, तू गणिताचा मास्तर.

मुक्ताला राफेल आवडतं असं तू लिहिलंयस. आवडू दे, आवडण्यासारखंच आहे. पण तिला वैमानिकच व्हायचं आहे की हवाई दलात जायचं आहे, हे एकदा शांतपणे विचार. तांत्रिक शाखेत मुली आता अधिकारी म्हणून येतात, अख्ख्या स्क्वॉड्रनची विमानं उभी करायची जबाबदारी घेतात. एनडीएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, 2022 पासून मुलींना प्रवेश आहे. पहिल्या सतरा मुली याच मे महिन्यात खडकवासल्याहून बाहेर पडल्या. हवाई दलाच्या दोन्ही वाटांना, उड्डाणाच्या आणि तांत्रिक, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतंच, तेव्हा अकरावीला विषय निवडताना घोळ घालू नका.

इथे नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 2023 मध्ये सुरू झाली आहे, संभाजीनगरला मुलांची आहे तशीच. दहावीनंतर निवड परीक्षा घेऊन घेतात आणि अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. मुक्ता दहावीत आहे, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. जाहिरात आली, की मी तुला फोन करतो, फॉर्म मुदतीच्या आत भरायचा. तोवर रोज पळायला लाव आणि डोळे तपासून घे, चष्म्याचा नंबर किती आहे ते मला कळव. नाताळच्या सुटीत तिला घेऊन ये, संस्था दाखवतो आणि तिथल्या मुलींशी बोलता येतं का बघतो. राहायला आमच्याकडेच. कराडहून निघताना सकाळची गाडी धरा.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला अनेक आशीर्वाद.

तुझा,
दत्ता