पंचनाम्याची वाट बघत ओल्यात बसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. तेव्हापासून वायरमन म्हणून पावसाळ्यात मी ओल्या घरांतच जास्त फिरतो. पाणी उतरतं, पण गाद्या, गोधड्या, कोठीतली दादर ज्वारी तशीच पडून असते. विचारलं की उत्तर एकच, "पंचनामा व्हऊ द्या, मंग हात लावसूत." भरपाई बुडेल ही भीती खरी आहे, गरिबाची तर फारच खरी. पण बुरशी तलाठ्यासाठी थांबत नाही. ओल्या कपड्याला, लाकडाला ती एक-दोन दिवसांत धरते. बुरशी लागलेल्या मक्यात, शेंगांत विष तयार होऊ शकतं. ते शिजवूनही पुरतं जात नाही, म्हणून असा माल जनावरांपुढेही टाकू नये.

भिंतीवरची पाण्याची रेघ आणि खराब झालेला माल यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि घर उपसायला लागा.

त्याआधी विजेचं बघा. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावू नका, महावितरणच्या माणसाकडून खांबावरूनच लाइन बंद करून घ्या. मेन बंद असली तरी इन्व्हर्टर वायरिंगला वीज देत असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बोर्ड उघडला की सॉकेटमागे बारीक गाळ दिसतो. वरून वाळलेला, नखाने खरवडला की आत ओला. भिंतीतल्या पाइपातही पाणी साचून राहतं. वायरिंग मेगरने, म्हणजे वायरीतून वीज गळते का ते दाखवणाऱ्या यंत्राने, तपासल्याशिवाय घरात लाइन घेऊ नका. भिजलेला फ्रिज किंवा मोटार तर वेगळी तपासल्याशिवाय लावूच नका.

लाइन सुरू झाली की उन्हाळ्यातला कूलर काढा, तो भिजलेला नसेल तर. पाणी न भरता, गवताच्या जाळ्या काढून, तोंड बाहेर करून खिडकीत लावा. खोलीतली दमट हवा तो बाहेर फेकतो. धाब्याच्या घरात मातीची भिंत फुगलेली दिसली तर मात्र आत झोपू नका, सामानासाठीही जाऊ नका.

प्रशासनाला विनंती आहे. पाणी उतरेल त्याच दिवशी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगा की फोटो ग्राह्य धरू, घर साफ करा. आणि गल्लीगल्लीत मेगर घेऊन वायरमन पाठवा. मी बिनपैशाने यायला तयार आहे.

आपला,
एक वायरमन, चाळीसगाव