सुरीनामला मे महिन्यात जाऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘तिथे हिंदी चालते आणि हवा बारमाही सारखीच’ एवढ्या ऐकीव माहितीवर खान्देशातली मंडळी मेच्या सुट्टीत दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला जायचे बेत आखतात. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत.

तापमान सारखे असते हे खरे. राजधानी पारामारिबोत दुपारी ३०-३२ अंश, पहाटे २३ च्या आसपास. भुसावळच्या ४५ अंशांपुढे हे किरकोळ वाटेल, पण हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळत नाही. आपला वाळ्याचा कूलरही तिथे कुचकामी, कारण ओल्या हवेत ताट्यांतले पाणी उडतच नाही. खोली एसी बघूनच घ्यावी.

खरा प्रश्न पावसाचा. मोठा पावसाळा एप्रिलअखेर ते ऑगस्टचा मध्य, त्यातही मे-जून सर्वांत ओले. जळगावला वर्षाला सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस, पारामारिबोला २२०० च्या घरात. पुढे डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडीप. म्हणजे दिवाळीची सुट्टी सोयीची, आणि दिवाळीला तिथे सरकारी सुट्टीही असते. जंगलात नदीने जाणाऱ्यांनी मात्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर गाठावा. नंतर पाणी उतरते, खडक उघडे पडतात आणि होडी ठिकठिकाणी ओढत न्यावी लागते.

आता भाषा. राजभाषा डच, पाट्या, अर्ज, सरकारी कागद सारे त्याच भाषेत. बाजारात स्रानान टोंगो ही तिथली सर्वसामान्य बोली. १८७३ पासून भारतातून गेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारबद्ध मजुरांची, सारनामी भाषा भोजपुरी-अवधीतून घडली. निकेरी जिल्ह्याच्या भातपट्ट्यात ती ऐकू येते. समोरचा सावकाश बोलला तर हिंदी येणाऱ्याला बरीचशी कळते. पण ती रोमन लिपीत लिहितात, म्हणून देवनागरी चिठ्ठी दाखवून भागत नाही. कोमेवाइने जिल्ह्यात जावानीज, आतल्या नद्यांकाठी सारामाक्कन आणि न्ड्युका या भाषा. तिथे हिंदी निरुपयोगी. आजार, ॲलर्जी आणि मुक्कामाचा पत्ता डचमध्ये लिहून खिशात ठेवाच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. तो नसेल तर परतल्यावर भारतीय विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते. मुंबईला त्यासाठी वेगळा हेलपाटा पडतो, म्हणून तिकिटाआधी तिथली तारीख ठरवावी.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव