अधीक्षक मॅडम, तुमच्या चार पानी टाचणाबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

निवृत्त होताना तुम्ही मागे ठेवलेलं ते चार पानी टाचण अजून फिरतंय. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून डावा समास गेला, पंचिंगच्या भोकांचे काळे ठिपके झाले, तरी नव्याने रुजू झालेल्या लिपिकाच्या हातात पहिल्या महिन्यात ते पडतंच. तुम्ही त्याला शीर्षक दिलं नव्हतं. आम्ही त्याला ‘साहेबांपुढचं’ म्हणतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस साहेबांपुढे आपलं काम उणं करून सांगतो, त्याच्याशी न भांडता कसं निभावायचं, एवढाच त्याचा विषय. या बाबतीत ‘दुर्लक्ष करा’, ‘मन मोठं ठेवा’ असले सल्ले ढीगभर मिळतात. आवक क्रमांकापर्यंत उतरून सांगणारं टाचण मात्र आम्हाला एकच माहीत आहे. म्हणून हे जाहीर आभार. ज्यांच्यापर्यंत ते पोचलेलं नाही त्यांच्यासाठी त्यातलं बरंचसं इथे उतरवून काढतो. तुमची हरकत नसेल असं धरून चालतो.

सर्वांत आधी आभार पहिल्या पानावरच्या कडू ओळीबद्दल: ‘आधी पाहा, तो खरं बोलला का.’ राग आलेला असताना हे वाचवत नाही. पण बोलणं खोटं असणं आणि बोलण्याची पद्धत वाईट असणं, या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या काढल्यात. नस्ती, म्हणजे फाइल, खरोखरच आपल्या टेबलावर अठरा दिवस पडून असेल तर सहकाऱ्याचा टोमणा हा दुसरा प्रश्न, नस्ती हा पहिला. ती त्याच दिवशी हलवायची. त्याचं बोलणं खोटं निघालं तरच पुढची पानं उघडायची.

मग वही. कार्यालयाची नाही, स्वतःची, पिशवीत मावणारी. चार रकाने: तारीख आणि जागा, नेमके शब्द, समोर कोण होतं, आणि त्या विषयावर कागद काय म्हणतो. विशेषणं बंद. ‘मुद्दाम अपमान केला’ असं लिहायचं नाही. ‘“यांच्याकडे काहीही टाकलं की अडकतं,” असं साहेबांसमोर म्हणाले, नस्ती १२ तारखेला लेखा शाखेकडे गेलेली, पोहोच आहे’ असं लिहायचं. त्याच दिवशी लिहायचं, कारण दोन दिवसांनी आपल्याला आपला राग आठवतो, त्याचे शब्द आठवत नाहीत. तीन आठवडे झाले की वही उलटी चाळायची. तेव्हा दिसतं की हा माणूस रोज तसा नसतो. महिनाअखेरीला, स्वतःच्या प्रलंबित प्रकरणांचा आकडा विचारला जाणार असतो तेव्हाच त्याचं बोट आपल्याकडे वळतं. किंवा एखाद्या ठरावीक साहेबांसमोरच त्याला कंठ फुटतो. किंवा विषय नेहमी एकच असतो, ज्याचा कार्यभार पूर्वी त्याच्याकडे होता. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. पहिल्याला आकडे लागतात, दुसऱ्याला साहेबांशी आपली थेट ये-जा वाढवावी लागते, तिसऱ्याला कार्यभाराची यादी.

इथे एक मतभेद नोंदवतो. वही हातानेच लिहावी हा तुमचा हट्ट आमच्यातल्या तरुण मंडळींना पटत नव्हता. मोबाइलमध्ये चटकन होतं. पण कार्यालयाच्या संगणकावर ती कधीच ठेवू नये हे सगळ्यांना मान्य आहे. तिथला पासवर्ड निम्म्या शाखेला ठाऊक असतो.

टाचणाचा गाभा मात्र दुसऱ्या पानावर आहे: तोंडाच्या आधी कागद पोचला पाहिजे. साहेबांना आपल्या कामाची खबर त्याच्याकडूनच मिळत असेल तर तो सांगेल तेच खरं. म्हणून सोमवारी सकाळी, पावणेदहाला कार्यालय उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, कार्यविवरण नोंदवहीवरून, म्हणजे आपल्याकडे आलेल्या आणि निकाली काढलेल्या कागदांच्या नोंदींवरून, काढलेला अर्ध्या पानाचा गोषवारा अधीक्षकांकडे. तुमचं उदाहरणच देतो. मागील शिल्लक ३८, आठवड्यात आलेली २४, निकाली २९, आजची शिल्लक ३३. त्या ३३ पैकी सात दिवसांच्या आतली २१, सात ते तीस दिवसांची ९, त्याहून जुनी ३. सात दिवसांवरच्या या बारांपैकी पाच दुसऱ्या शाखेकडे अभिप्रायासाठी, चार अर्जदाराच्या त्रुटीपूर्ततेसाठी थांबलेली, आणि तीन माझ्याकडे.

ती शेवटची ओळ लपवू नका, असं तुम्ही अधोरेखित केलंय. ‘माझ्याकडे तीन’ हे आपण लिहून दिलं की दुसऱ्याला त्याची चुगली करण्यात राम उरत नाही. आणि सात दिवसांची मर्यादा हवेतून आलेली नाही. बदल्यांचं विनियमन आणि विलंब प्रतिबंधाचा जो २००५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्याच्या कलम १० मध्ये सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलं आहे. तातडीची नस्ती चार दिवसांत, आणि त्याहून निकडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. गोषवारा त्याच मापाने मांडला की साहेबांनाही तो वर दाखवायला उपयोगी पडतो. जो कागद साहेबांच्या उपयोगाचा, तो ते वाचतात.

गोषवारा कुठे फसतो तेही तुम्ही लिहिलंत. एक, तो दोन पानांचा होतो आणि कुणी वाचत नाही. दोन, पहिले तीन सोमवार जातो आणि चौथ्याला राहतो. नेमकी त्याच आठवड्यात आढावा बैठक असते.

आता बैठक. तिथलं दृश्य कुणालाही नवं नाही. साहेब विचारतात, ‘त्या प्रकरणाचं काय झालं?’ आपण तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज येतो, ‘सर, ते यांच्याकडेच पडून आहे, मी दोनदा विचारलं.’ या क्षणी माणूस तीनपैकी एक चूक करतो. कसनुसं हसतो, म्हणजे मान्य केल्यासारखं होतं. किंवा गोष्ट अथपासून सांगायला लागतो, म्हणजे साहेबांचं घड्याळाकडे लक्ष जातं. किंवा ‘हे नेहमी असंच करतात’ म्हणून त्याच्यावर उलटतो, आणि मग साहेबांच्या लक्षात राहतं ते दोघांचं भांडण. सुरुवात कोणी केली ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तुमचा उतारा असा होता. नस्ती सोबत, महत्त्वाच्या पानांना ‘अ’, ‘ब’ पताका लावलेल्या. नजर सहकाऱ्याकडे वळवायचीच नाही, साहेबांकडेच ठेवायची. तीन वाक्यं: ‘सर, नस्ती १२ तारखेला लेखा शाखेकडे गेली, पोहोच पताका “अ” वर आहे. १९ ला त्रुटी आली, २० ला पूर्तता करून परत पाठवली. या शुक्रवारपर्यंत अभिप्राय येणं अपेक्षित आहे, त्या दिवशी संध्याकाळी आपल्याला कळवते.’ संपलं. वीस सेकंदांत होतं. गेलेली तारीख, आलेली तारीख, पुढची तारीख. ‘पडून आहे’ या शब्दाला उत्तर द्यावं लागत नाही, तारखाच देतात. माहिती हाताशी नसेल तर अंदाज ठोकायचा नाही: ‘नोंद पाहून तीन वाजेपर्यंत सांगते.’ आणि अडीचलाच सांगायचं. मधेच कुणी बोलणं तोडलं तर, ‘भाऊसाहेब, माझे दोन मुद्दे राहिलेत, ते झाले की तुम्ही बोला.’ हे वाक्य घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून पाहा, असं तुम्ही लिहिलंत. वाचताना सगळे हसतात आणि नंतर सगळे म्हणून पाहतात. आवाज न चढवता म्हणणं हेच त्यातलं अवघड काम.

बैठक संपली म्हणजे प्रकरण संपलं नाही, हे तुमच्याइतकं कुणी ओळखलेलं नाही. खरी खेळी इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी वृत्तांतात, होते. खोलीत आपण तारखा सांगितल्या तरी इतिवृत्तात ‘सदर प्रकरण संबंधित लिपिकाकडे प्रलंबित’ अशी ओळ आली, तर सहा महिन्यांनी तीच ओळ उरते. म्हणून इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्यायचं. ते सगळेच टाळतात, त्यामुळे सहज मिळतं. ते दुसऱ्याकडे असेल तर मसुदा त्याच संध्याकाळी पाहायचा आणि स्वाक्षरीच्या आधी दुरुस्ती सुचवायची: ‘प्रलंबित’च्या जागी ‘लेखा शाखेकडे अभिप्रायार्थ, दि. २०’. स्वाक्षरी झाली असेल तर तक्रार करायची नाही, बैठकीतल्या मुद्द्यांवर पुढे काय केलं ते सांगणाऱ्या पुढच्या अनुपालन अहवालात तारखा लिहायच्या.

आयत्या बिळातल्या नागोबांसाठी अर्धंच पान आहे, पण नेमकं. आपण केलेली टिपणी दुसऱ्याच्या नावाने पुढे जाते ती पेनड्राइव्हमुळे. ‘जरा सॉफ्ट कॉपी दे, बघतो’ असं म्हटल्यावर द्यायची, पण नस्ती सादर झाल्यानंतर. कागदावर टिपणीखाली आपली आद्याक्षरी आणि तारीख हवी. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावर नस्त्या चालवायच्या प्रणालीत, पिवळी टीप हा कच्चा मसुदा, ती बदलता येते, काढून टाकता येते. हिरवी टीप पुढे गेली की तिच्यावर आपलं नाव आणि वेळ पक्की बसते. ज्यांना श्रेयाची चिंता आहे त्यांनी पिवळ्यावर रेंगाळू नये.

‘संकीर्ण’बद्दल तर तुमचे आभार मानावे तितके थोडे. कामकाज वाटपाच्या आदेशात शेवटची ओळ ‘संकीर्ण व वरिष्ठ सांगतील ती कामे’ अशी असते, आणि ती दोघादोघांच्या नावापुढे असते. काम चांगलं झालं की ते त्याचं, अडकलं की आपलं. याला तुमचा उपाय माणसाची तक्रार करण्याचा नव्हता, वाटपाचा आदेश सुधारून मागण्याचा होता. एका पानाची टिपणी: कोणकोणते विषय दोन टेबलांवर येतात, मागच्या तीन महिन्यांत त्यांतले किती आले, प्रत्येक विषय कोणाकडे ठेवावा याचा प्रस्ताव. टिपणीत कुणाचं नाव नाही, पदनाम. ‘अमुक मला त्रास देतात’ यावर साहेब ‘जमवून घ्या’ म्हणतात. ‘हे सात विषय दोन टेबलांवर आहेत’ यावर त्यांना निर्णय द्यावा लागतो.

कार्यभार घेतानाही तेच. ‘सर्व नस्त्या मिळाल्या’ या एका ओळीवर सही करणारा पुढे वर्षभर दुसऱ्याच्या चुका आपल्या नावावर ऐकतो. नस्ती क्रमांक, विषय, आज कोणत्या टप्प्यावर, शेवटची कारवाई कधी, अशी यादी करायची. देणारा, घेणारा आणि अधिकारी अशा तीन सह्या. जे सापडलं नाही ते आठवड्याच्या आत लेखी कळवायचं.

समोरासमोर बोलायचं ते एकदाच, आणि चहाच्या टपरीवर चार जणांत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर व्हरांड्यात. ‘काल बैठकीत तुम्ही ते प्रकरण माझ्याकडे आहे म्हणालात. ते १२ तारखेपासून लेखाकडे आहे. पुढच्या वेळी शंका आली तर आधी मला विचारा, पाच मिनिटांत नोंद दाखवते.’ ‘तुम्ही असं का करता?’ हे विचारायचं नाही, कारण ‘मी आपलं सहज बोललो’ हे उत्तर तयारच असतं आणि त्यानंतर आपणच मनाला लावून घेणारे ठरतो. बरीच माणसं या एका बोलण्यावर थांबतात. त्यांना वाटलेलं असतं की कुणी हिशेब ठेवत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटावर ‘आस्थापनेची माहिती अजून अप्राप्त’ असं कुणी टाकलं तर एकच संदेश: ‘काल ५.४२ ला ई-मेलने सादर.’ त्यापुढे अंगठा नाही, हसरा चेहरा नाही, ‘कृपया नीट पाहावे’ तर नाहीच नाही.

भरलेल्या कानांचं भय नव्या मुलांना सर्वांत जास्त असतं ते साहेब दरवर्षी आपल्या कामाबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालाचं. तिथेही तुम्ही धीर दिलात तो निकालांचा आधार देऊन. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केलं. म्हणजे कानातलं कागदावर आलं की ते आपल्याला दाखवावं लागतं, आणि आपल्याला अभिवेदन, म्हणजे त्या नोंदीविरुद्ध लेखी म्हणणं, देता येतं. त्या वेळी ५२ सोमवारचे गोषवारे हाताशी असतील तर अभिवेदन एका संध्याकाळी लिहून होतं.

आणि जिथे वही पुरत नाही ती हद्दही तुम्ही आखून दिलीत. बोलणं बाईपणावर, शरीरावर गेलं तर हा टेबलाटेबलातला मामला उरत नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कार्यालयात कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असते, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. जातीवरून बोललं गेलं तर अनुसूचित जाती-जमातींसाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथे ‘जमवून घ्या’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

एका गोष्टीवर मात्र टाचण गप्प आहे. साहेबांनाच कुस्ती पाहायला आवडत असेल तर काय? दोघांना समोरासमोर उभं करून मजा घेणारे असतातच. आमच्या मते तिथे सोमवारचा गोषवारा चालू ठेवून बदलीचा विकल्प वेळेत भरणं बरं. तुमचं मत वेगळं असेल तर ऐकायला आवडेल.

शेवटी एक विनंती. तिसऱ्या पानाच्या तळाची ओळ सगळ्याच प्रतींमधून गेली आहे. ‘सहकाऱ्याने सर्वांसमक्ष माफी मागितल्यास’ एवढंच वाचता येतं, पुढे झेरॉक्सचा काळा पट्टा. मूळ प्रत आपल्याकडे असल्यास त्या ओळीचा उर्वरित भाग कळवावा, ही विनंती.

आपले,
आस्थापना, लेखा आणि आवक-जावक शाखांतले सगळे