काकांच्या येझदीसाठी मल्टिटूल

शहापूर, बेळगाव

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला, फोनवर दोन वाक्यात सांगून होण्यासारखं नाही म्हणून लिहायलाच बसलो. काकांना रिटायरमेंटनंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर सगळं एकातच मिटणारं हत्यार, द्यायचं तुझ्या मनात आलं, लई बरं वाटलं बघ. शर्टपीस, घड्याळ सगळेच देतात, खरं खानापुरात रोज सकाळी शेडमध्ये जुन्या येझदी मोटारसायकलपुढं स्टूल टाकून बसणाऱ्या माणसाला हत्यारच द्यावं की रे.

तू पाठवलेल्या सगळ्या लिंका उघडून बघितल्या. कुणी म्हणतंय चोवीस टूल, कुणी म्हणतंय तीस, त्यात बाटलीचं ओपनर धरलंय, पट्टी धरलीय, चावी अडकवायची कडी पण धरलीय. तो आकडा तू बघूच नको. काकांचा अंगठा बघ आधी.

आमच्या अण्णांचं सांगतो म्हणजे कळेल. उद्यमबागेत लेथवर आयुष्य गेलं त्यांचं, तुला माहितीच आहे. बोटं अजून दणकट, खरं अंगठ्याचं नख जाड झालंय आणि मधोमध चिरलंय, कितीही कापलं तरी ती चीर जात नाही. साध्या मल्टिटूलमध्ये काय असतंय, प्रत्येक पात्यावर बारीक खाच असते, त्यात नख घालून ओढायचं. शेजारच्या पोराचं एक स्वस्तातलं त्यांच्या हातात दिलं होतं, तर नख वाकायला लागलं आणि पातं जागचं हललं नाही, वर एक ओढलं की बाजूची दोन पण चिकटून बाहेर. त्यांनी काही न बोलता ते परत दिलं. तेव्हाच मी ठरवलं की अण्णांना घ्यायचं तर उघडायला सोपं असलेलंच घ्यायचं, बाकी सगळं नंतर.

म्हणून मी व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट घेतलं. त्यातली सगळी हत्यारं बाहेरच्या बाजूनं उघडतात, पक्कड उघडायची गरज नाही, आणि प्रत्येक हत्यार उघडलं की खटका बसून लॉक होतंय. नख लागतं त्यात पण, खरं सरकतंय एकदम मऊ, आणि वजन २०० ग्रॅमच्या आसपास म्हणजे पॅंटच्या खिशाला ओझं नाही. अण्णांनी त्या दिवशी कट्ट्यावर बसून एकेक पातं उघडलं, खटका ऐकला, बंद केलं, परत उघडलं. कडा कुठं टोचतेय का म्हणून अंगठा फिरवून बघितला, कुठंच टोचली नाही. चाळीस वर्षं फिनिशिंग बघितलेला माणूस तो, "काम चांगलं केलंय" एवढंच म्हणाला, आणि अण्णांच्या तोंडून एवढं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

खरं काकांचं काम वेगळं. तुझ्या लिस्टमध्ये लेदरमन वेव्ह प्लस आहे ना, त्यांना मी तेच सांगेन. दोन्ही पाती, करवत आणि कानस बाहेरनं एका हातानं उघडतात, पात्यांना तर नख लागतच नाही, अंगठ्यानं ढकलायचं. दुसऱ्या हातात केबल धरलेली असताना याचा उपयोग कळतो. कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र आत आहेत, त्यासाठी आधी पक्कड उघडावी लागते, हे लक्षात ठेव. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पकडीतले वायर कटर बदलता येतात. क्लचच्या केबलची तार कापून कापून कटरला दात पडतातच, तेव्हा तेवढेच बदलायचे, आख्खं टूल टाकायला नको. वजन २४१ ग्रॅम, मिटलं की लांबी १० सेंटिमीटर. त्याच कंपनीचं सर्ज म्हणून मोठं येतंय ते नको, ३५५ ग्रॅमचं धूड आहे, चार दिवसांनी ते कपाटातच जाणार.

काकांना त्या कंपनीची गोष्ट पण सांग, त्यांना आवडेल. टिम लेदरमन म्हणून एक अमेरिकन माणूस १९७५ साली बायकोला घेऊन जुन्या फियाटमधनं युरोप फिरायला निघाला. गाडी सारखी बंद पडायची, स्वस्त हॉटेलातले नळ गळायचे, आणि याच्या खिशात फक्त एक चाकू. याला पक्कड पाहिजे होती म्हणून ह्या माणसानं चाकूतच पक्कड बसवायचं डोक्यात घेतलं, १९८० ला पेटंट मिळालं आणि पहिलं टूल विकलं गेलं ते १९८३ ला. एवढी वर्षं एकाच गोष्टीच्या मागं! म्हैसूरची येझदीची फॅक्टरी १९९६ ला बंद पडली तरी आपली गाडी चालूच ठेवलेल्या काकांना हा माणूस जवळचा वाटेल.

आता एक महत्त्वाचं. मल्टिटूल म्हणजे पान्यांच्या पेटीची बदली नव्हे, हे काकांना माहीत आहे, तुला माहीत पाहिजे. पकडीनं नट पिळले की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग कुठलाच पाना बसत नाही. प्लग काढायला प्लग पानाच लागणार. इंजिनाला ठिणगी देणारे पॉइंट साफ करायला त्यातली डायमंडची कानस फार खरखरीत, तिथं बारीक पॉलिश पेपरच बरा. हे टूल कधी कामाला येतंय तर काका एकटेच जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं निघालेत, पाऊस, हेडलाइटची वायर घासून तुटलीय आणि पेटी घरी. तेव्हा वायर सोलायची, पिळायची, ढिला झालेला स्क्रू आवळायचा, पेट्रोलच्या पाइपचा क्लॅम्प दाबायचा. त्या रस्त्याला मागनं दुसरी गाडी येईपर्यंत किती वाट बघावी लागते ते आपल्याला माहीतच आहे. मला काकांची काळजी वाटते म्हणूनच एवढं पाल्हाळ लावलंय. त्यामुळं सोबत एक चांगला प्लग पाना आणि टपारियाच्या पान्यांचा छोटा सेट पण घे, दोन्ही मिळून सीटखाली राहील असं कापडी पाकीट मी इथं शिवून घेतो.

किमतीचं म्हणशील तर स्पिरिट आणि वेव्ह दोन्ही दहा हजाराच्या पुढंच जातात, मोठी रक्कम आहे, तुला आणि ताईला मिळून देता येईल. निम्म्या किमतीत तेच टूल कुणी देत असेल तर हात लावू नको, लेदरमनचे डुप्लिकेट ऑनलाइन ढीगभर आहेत, वरनं ओळखू येत नाहीत, आणि जोर लावला की पकडीचं तोंड मोडतंय. अधिकृत विक्रेत्याकडनंच घे आणि बिल जपून ठेव, लेदरमनची गॅरंटी २५ वर्षांची आहे.

खानापूरचा पाऊस तर विचारूच नको, स्टेनलेस म्हटलं तरी सांध्यात गंज धरतोच. पावसात वापरलं की कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं, उघडं ठेवून पूर्ण सुकवायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यावर. काकूंच्या मशीनची कुपी आहेच घरात.

आणि विमानानं सांबऱ्याला येणार असशील तर टूल चेक-इनच्या बॅगेत घाल, हँडबॅगेत सापडलं तर बेंगळुरूलाच काढून ठेवतील. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं आलास तर हा प्रश्नच नाही.

काय घ्यायचं ते ठरव, खरं घेण्याआधी एक कर. या आठवड्यात काकांना व्हिडिओ कॉल लावून सहज विचार की किल्ल्यांची रिंग नखानं उघडता येते का. येत असेल तर दोन्हीतलं कुठलंही चालेल. येत नसेल तर मला कळव, मी रविवारी अण्णांचं स्पिरिट घेऊन खानापूरला जाऊन येतो आणि त्यांच्या हातात देऊन बघतो, कशासाठी ते सांगत नाही. काकूंना तेवढं सांगून ठेव, जेवायला थांबणार आहे.

तुझा,
बाळू