लाडू आमचे, वजन लेकीचं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी बरीच वर्षं येतो, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल समजून घ्या. मागच्या रविवारच्या पुरवणीत बाळंतिणीच्या खाण्यावर चांगला लेख होता आणि त्याच पानावर खाली जाहिरात, ३० दिवसात १० किलो घटवा म्हणून. म्हणजे वरच्या बाजूला लाडू खा आणि खालच्या बाजूला ते उतरवायला पावडर प्या! आधी हसू आलं, मग राग आला, कारण यंदा आमच्या घरात हे दोन्ही होऊन गेलंय आणि त्यातल्या पहिल्या भागाला मीच जबाबदार आहे.

लेक पहिलटकरीण, पुण्याला नोकरी, बाळंतपणाला आमच्याकडं जुळे सोलापूरला आली. फेब्रुवारीत सिझर झालं. मग काय, मी पदर खोचून कामालाच लागले. सकाळी उठल्या उठल्या डिंकाचा लाडू, त्यावर अळिवाची खीर, दहाला शिरा, दुपारी बाजरीची भाकरी तुपात चुरून, चारला परत लाडू, रात्री झोपताना आणखी एक लाडू अन् दूध. शिवाय बघायला येणारी प्रत्येक बाई खारी नाहीतर नानकटाई घेऊन येणार, ती कोण खाणार, घरात बसलेलीच खाणार ना. तिनं नको म्हटलं की माझं ठरलेलं उत्तर, "अगं बाळाला दूध नको का यायला?" या वाक्यापुढं कुठलीच बाई काही बोलू शकत नाही, मलाही माझ्या आईनं असंच गप्प केलं होतं.

गरोदर राहायच्या आधी तिचं वजन ५८ होतं, नववा संपताना ७१. बाळ तीन किलोचं, वार, पाणी, अंगावरची सूज हे सगळं जाऊन पंधरा दिवसात ६५ वर आली होती. आणि चौथ्या महिन्यात ६९! बाळंतपणात जे सहा किलो उतरलं त्यातलं चार मी चार महिन्यात परत चढवलं.

गंमत बघा, ज्या बायका बारशाला "अजून एक लाडू घे गं, कंबर भरून येते" म्हणत होत्या त्याच मे महिन्यातल्या लग्नात "अय्या किती सुटलीस" म्हणाल्या. पोरीनं ते लई मनाला लावून घेतलं. ओळखीतल्या एकीनं वजन घटवायच्या पावडरीचे, शेक करून प्यायचे डबे गळ्यात मारले, सकाळी शेक, रात्री शेक, मधे काकडी. मला पहिले आठ दिवस कळलंच नाही, ताट तसंच परत यायला लागलं तेव्हा कळलं. तीन आठवड्यात चक्कर यायला लागली, दूध कमी झालं, बाळ सारखं किरकिरं. केसही गळत होते पण ते तिसऱ्या चौथ्या महिन्यात बऱ्याच जणींचं होतंच म्हणे, त्याचा दोष शेकला नको द्यायला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. आणि वजन किती उतरलं होतं? दीड किलो, तेही शेक सोडल्यावर आठवड्यात परत आलं.

तेव्हा डॉक्टरांनी आहारवाल्या मॅडमकडं पाठवलं आणि तिथं माझीच शाळा भरली. त्यांनी विचारलं लाडू केवढा असतो, मी हाताची मूठ दाखवली. म्हणाल्या घरी जाऊन वजन करा. केलं, ६० ग्रॅम. डिंक तुपात तळलेला, खोबरं, खारीक, गूळ, वरून आणि पातळ तूप, म्हणजे एका लाडवाला तीनशेच्या आसपास कॅलरी. तीन लाडवांच्या नऊशे. आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त लागतात किती, तर दिवसाला ६०० (बाळाला वरचं सुरू झालं की पुढं ५२० वगैरे). म्हणजे नुसत्या लाडवातच तिचा वाढीव कोटा भरून वर तीनशे उरत होते, शिरा खीर दूध खारी वेगळंच. मी आयुष्यभर दुकानाच्या हिशोबाच्या वह्या लिहिल्या आणि हा हिशोब मला कधी सुचला नाही.

आता कुणी म्हणेल जुन्या बायका खात नव्हत्या का? खात होत्या की. पण आमच्या सासूबाई बार्शीकडच्या, सवा महिना झाला की खुरपायला, पाणी शेंदायचं, दळायचं, आणि लाडवाचा डबा एकच, त्यात घरातली सगळी पोरं वाटेकरी. तूप चमच्यानं मोजून मिळायचं. आम्ही तो डबा घेतला आणि खुरपं सोडून दिलं, वर डबा संपला की दुसरा केला. त्यामुळं लाडू वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही, लाडवाला त्याच्या मापात ठेवा एवढंच.

मॅडमनी काहीच बंद केलं नाही हे मला फार आवडलं. लाडू सुपारीएवढा, दिवसाला एक, त्यात अळीव जास्त आणि तूप कमी. दुपारी ज्वारीची एक मोठी भाकरी, आपली मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि आम्ही सोलापूरकर बाळंतिणीला ब्रेड टोस्ट देतो, काय म्हणावं! भाकरी साधारण ५०-६० ग्रॅम पिठाची, दोनशेच्या आत कॅलरी आणि पोट भरून राहतं. सोबत शेपू, मेथी नाहीतर राजगिऱ्याची भाजी, मुगाची आमटी किंवा मटकीची उसळ, ताक. जेवणानंतर ओवा-बाळंतशोपा चालू द्या म्हणाल्या. शेंगाचटणी एक चमचा, दोन नाही. (हे सगळ्यात अवघड गेलं. कुटलेली तेल सुटलेली शेंगाचटणी समोर असताना एका चमच्यावर थांबणारा माणूस मी सोलापुरात अजून पाहिला नाही.)

आणि रात्री हुलग्याचं (कुळथाचं) माडगं. याच्यावर थोडं जास्त लिहिते कारण नव्या पोरींना माहितीच नाही. हुलगे भाजून दळून आणायचे, दोन मोठे चमचे पीठ पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं, लसूण जिऱ्याच्या फोडणीत ओतून शिजवायचं, मीठ, हवं तर थोडं ताक. वाटी दोन वाटी गरम प्यायचं. हुलग्यात शंभर ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि पाजणारीला पहिल्या सहा महिन्यात रोजची १७ ग्रॅम जास्त लागतात, म्हणजे डब्यातली महागडी पावडर शोधायची ती आपल्या मंगळवार बाजारात पोत्यात पडलीय. आमच्या आजी बाळंतिणीला हेच द्यायच्या, आम्हाला ते गरिबाचं वाटायला लागलं म्हणून सुटलं.

पाण्याचंही सांगते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं, असं माझ्या डोक्यात होतं. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा ४२-४३, पोरगी दिवसातून दहा वेळा पाजतेय आणि मी तिला मोजून पाणी देतेय, आता आठवलं तरी लाज वाटते. नळाला पाणी चार दिवसाआड आलं तरी प्यायला तरी कमी पडू देऊ नका. पोट बांधायचा पट्टा कंबरेला आधार देतो, त्यानं चरबी वितळत नाही, हेही तिथंच कळलं.

चालणं सिझरमुळं सावकाश वाढवलं. जूनपासून संध्याकाळी बाळ माझ्याकडं आणि ती वडिलांबरोबर कंबर तलावाकडं अर्धा तास. तलावाचं नावच कंबर म्हटल्यावर घरात चेष्टेला ऊत. जुलैअखेर रजा संपून पुण्याला गेली तेव्हा सोबत हुलग्याचं पीठ आणि अळिवाची बरणी दिली, जावईबापू माडगं करायला शिकलेत. दिवाळीला आली तेव्हा साडेएकसष्ट होती. महिन्याला दीड किलो पडतं, जाहिरातीच्या हिशोबात हे काहीच नाही, पण चक्कर नाही आणि बाळ अजून अंगावर पितंय. उरलेले तीन-साडेतीन किलो राहिले तर राहू देत असं ती स्वतःच म्हणाली.

लोहाच्या गोळ्या मात्र तिनं मधेच बंद केल्या होत्या, पोट साफ होत नाही म्हणून. सरकारचा नियम बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी असा आहे, आणि हे तिच्यासारख्या शिकलेल्या पोरीलाही नीट कुणी सांगितलं नव्हतं. चहाबरोबर नाही घ्यायची, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही घ्यायची, जेवणात लिंबू पिळायचं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५४ टक्के आलंय, तेव्हा वजनाचा काटा बघायच्या आधी हिमोग्लोबिनचा आकडा बघायला हवा.

आणि साहेब, सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका महिन्याभरात परत सुपासमोर बसतात, त्यांच्या घरी डिंकाचा डबा नसतो. अंगणवाडीतून पाजणाऱ्या आईला जो आहार मिळायला हवा त्याचं मापही दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असंच ठरवलेलं आहे. माझ्या लेकीला मी नऊशेचे नुसते लाडू चारत होते आणि तिकडं ते सहाशे तरी सगळ्यांपर्यंत पोचतात का, याच्यावर तुमच्या पेपरनं एकदा चौकशी करून छापावं, ही विनंती.

जाहिराती तुम्हाला लागतात हे कळतं मला, दुकान आम्हीही चालवलंय. पण ती ३० दिवसवाली जाहिरात निदान बाळंतिणीच्या लेखाखाली तरी नको. त्या जागेवर माडग्याची कृती छापा, हवी असेल तर मापासकट मी लिहून पाठवते.

कळावे,
आपली एक वाचक,
जुळे सोलापूर