गिझरचा ठिबकणारा व्हॉल्व्ह बुजवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सोलापुरातले कितीतरी गिझर सात-आठ महिन्यांनी एकदम सुरू होतात. उन्हाळा-पावसाळ्यात त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. मग पहिल्याच आठवड्यात ठरलेल्या तीन तक्रारी निघतात: व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखी पडतेय, गिझर मधेच बंद होतोय. यावर घरोघरी होणारे इलाजही ठरलेले आहेत. ठिबकणारं तोंड एम-सीलने बुजवायचं, आरसीसीबी बायपास करायची, कटआउटच्या (गिझर जास्त तापला की वीज तोडणाऱ्या भागाच्या) दोन वायरी एकत्र पिळून टेप गुंडाळायचा. माणूस वाचावा म्हणून बसवलेले नेमके हेच तीन भाग, आणि आपण तेच निकामी करतो. म्हणून हे पत्र.

आधी ठिबकण्याचं. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवलं की ते सुमारे सव्वादोनशे मिलिलिटरने फुगतं. थंड पाण्याच्या नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह एकेरी असतो, त्यामुळे हे वाढलेलं पाणी वरच्या टाकीकडे परत जाऊ शकत नाही. दाब वाढला की ते बारक्या तोंडातून थेंब-थेंब बाहेर पडतं. म्हणजे तापताना ठिबकणं हे व्हॉल्व्ह चालू असल्याचं लक्षण आहे. त्या तोंडाला बारीक नळी लावून ती उताराने मोरीत सोडा, तिचं दुसरं टोक उघडं ठेवा आणि त्यावर नळ कधीही बसवू नका. गिझर थंड असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्हच्या आत खार किंवा गाळ अडकलेला असतो, नाहीतर प्रेशर पंपाचा दाब जास्त असतो. व्हॉल्व्हची बारकी दांडी तीन-चार वेळा उचलून पाणी जाऊ द्या. तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. आपल्या खाऱ्या पाण्यात ही दांडी अडकून बसते, म्हणून महिन्यातून एकदा ती उचलावीच. त्या वेळी गरम पाणी अंगावर येणार नाही असं उभं राहा.

तोंड बुजवलेलं असताना थर्मोस्टॅट (पाणी तापलं की कॉइल बंद करणारा भाग) चिकटला तर आतलं पाणी दाबाखाली 100 अंशांच्या वर जातं. गिझरची टाकी फाटली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. भिंत पडते ती यामुळे. 3 लिटरच्या बऱ्याच इन्स्टंट गिझरमध्ये लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक प्लग असतो, तोही याचसाठी. तो वितळून पाणी गळायला लागलं की त्या जागी साधा बोल्ट आवळून देणारे फिटिंगवाले आहेत. असा बोल्ट दिसला तर गिझर त्याच क्षणी बंद करा.

आता आरसीसीबी का पडते ते. उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, त्यामुळे वरच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पर्यायच नसेल तर 600. आपल्या बेसाल्टच्या खडकातल्या बोअरला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. पाणी 60 अंशांच्या पुढे गेलं की हे क्षार झपाट्याने कॉइलवर बसतात. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, ती आतच कोंडते. गिझरमधून तडतड आवाज येऊ लागतो. पुढे कॉइलच्या नळीला केसाएवढी चीर पडते, आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पाणी शिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. आरसीसीबी पडते ती या करंटमुळे. तिला बायपास केलं तर पुढचा मार्ग नळाखाली हात धरलेल्या माणसातून जातो.

खात्री करायला गिझरचा टॉप (प्लग) काढा आणि आरसीसीबी वर करा. ती टिकली, आणि टॉप लावून बटण दाबताच पडली, तर दोष गिझरमध्ये आहे. वायरमनने कॉइलच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने मोजावं: 2000 वॅटच्या कॉइलला 26 ओहमच्या आसपास, 3000 वॅटच्या कॉइलला साडेसतराच्या आसपास. कॉइलचं टोक आणि बाहेरची नळी यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. चीर बारीक असेल तर मल्टिमीटर फसतो. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) 1 मेगाओहमपेक्षा कमी आलं तर कॉइल बदलायची, वाळवून परत लावायची नाही.

बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा गिझर खोलून साफ करावा. विजेचं काम येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या. एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पाडून टॉप काढायचा. गरम नळ सोडून आतलं पाणी गार होऊ द्यायचं, मग अँगल कॉक (गिझरला येणाऱ्या थंड पाण्याचा कॉक) बंद करायचा. गरम नळ उघडाच ठेवून खालून पाणी काढून टाकायचं. खालचं झाकण काढलं की वायरींचा मोबाइलवर फोटो घ्यावा, जोडताना उपयोगी पडतो. पाल आणि मुंग्या या झाकणात हमखास सापडतात. फ्लँजचे (कॉइल बसवलेल्या चकतीचे) नट समोरासमोरचे आळीपाळीने सोडायचे आणि आवळतानाही तसेच आवळायचे, नाहीतर रबर एका बाजूला दबून गळतं. रबर प्रत्येक वेळी नवीन घाला. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून त्यात कॉइलचा थर जमलेला भाग तास-दोन तास बुडवायचा. टर्मिनलची बाजू कोरडी राहिली पाहिजे. बुडबुडे थांबले की थर ब्रशने निघतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरू नका, ते धातू खातं आणि त्याच्या वाफेने घसा जळतो. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून खार काढायला गेलं तर चीर आपणच पाडतो.

त्याच वेळी मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी बघा. गिझरच्या टाकीऐवजी स्वतः झिजावी म्हणूनच ती आत घातलेली असते. जाडी निम्म्यावर आली की बदला. ती संपली की गंज टाकीला लागतो, आणि टाकी दुरुस्त होत नाही.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर, कारण जुन्या पेठांतल्या घरांत आणि नव्या फ्लॅटमध्येही इथेच दुर्लक्ष होतं. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. 16 अ‍ॅम्पियरच्या एमसीबीला माणसातून जाणारे काही मिलिअ‍ॅम्पियर कळतसुद्धा नाहीत. त्यासाठी 30 मिलिअ‍ॅम्पियरची आरसीसीबी हवी आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबायला हवं. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडण्याची जुनी सवय आता जीवघेणी आहे. पाइप प्लॅस्टिकचे झाले, त्यामुळे ती वायर कुठेच पोचत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळून खडखडीत होतो, तेव्हा त्यात पाणी घाला. वायरमनला अर्थ टेस्टरने मोजायला सांगा. 5 ओहमच्या आत आलं तर उत्तम.

3000 वॅटचा गिझर 13 अ‍ॅम्पियर खेचतो. त्याला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अ‍ॅम्पियरचं सॉकेट आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच हवा, तोही बाथरूमच्या बाहेर. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. टॉपची पिन सैल झाली आणि जोडावर दशांश ओहमचा जरी अडथळा आला तरी तिथे सतरा वॅटची उष्णता तयार होते. पिन काळी पडलेली किंवा टॉपचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसलं की टॉप आणि सॉकेट दोन्ही एकदम बदला, कारण जळलेलं सॉकेट नवा टॉपही जाळतं. आणि गिझरच्या पाइपवर ओला टॉवेल टाकू नका. आपला सोलापुरी टेरी टॉवेल पाणी भरपूर धरतो, आणि ते सगळं झाकणातल्या वायरींवर निथळतं.

वरची टाकी रिकामी झाली की गिझर लगेच रिकामा होत नाही, पण एकेरी व्हॉल्व्ह खराब असेल तर पाणी मागे निघून जातं आणि कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते. म्हणून गरम नळाला हवा न येता सलग धार लागल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पाणी आलं त्या दिवशी हे विशेष पाळा. महिनोन्महिने बंद असलेल्या गिझरचा गरम नळ आधी दोन-तीन मिनिटं सोडा आणि त्या वेळी जवळ काडी ओढू नका. अ‍ॅनोडमुळे आत हायड्रोजन साठलेला असू शकतो.

15 लिटर आणि 2000 वॅटच्या गिझरला 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात. पहाटेपासून चालू ठेवण्याची गरज नाही. थर्मोस्टॅट 55 ते 60 वर ठेवा. यापेक्षा वर नेलं तर खार वाढतो, आणि 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. घरात लहान मूल असेल तर बादलीत थंड पाणी आधी घ्यायचं, मग गरम. कटआउट एकदा पडला तर बटण दाबून बघा. पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट बदला, वायरी जोडू नका.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की दिवाळीआधी एक दिवस ठरवून इमारतीचं अर्थिंग आणि प्रत्येक फ्लॅटची आरसीसीबी तपासून घ्यावी. दुकानदारांनी गिझरच्या खोक्यातला व्हॉल्व्ह ग्राहकाच्या हातात देऊन दाखवावा, कारण बरेच वेळा तो लावलाच जात नाही आणि खोक्यासकट माळ्यावर जातो.

आपला,
एक वायरमन, जुळे सोलापूर